रशियन 'मेदवेद' म्हणजे मध जाणणारा की मध खाणारा?

तुम्ही विचारलंय की अस्वलासाठीच्या 'मेदवेद' या रशियन शब्दात 'मधु' आणि 'वेद' दोन्ही दिसतात, तर अस्वलाला 'मध जाणणारा' म्हणत असतील का. मधु बरोबर आहे, वेद मात्र त्यात नाही. अर्थ आहे 'मध खाणारा'.

रशियन, युक्रेनियन वगैरे सगळ्या स्लाव्ह भाषांच्या आदिभाषेत हा शब्द *मेद्वेदि असा काहीसा होता. आधीची चांदणी एवढंच सांगते की हे रूप कुठे लिहिलेलं सापडत नाही, आजच्या भाषांवरून मागे जात जुळवलेलं आहे.

खरी मेख 'व'मध्ये आहे. आपण पटकन मेद + वेद अशी फोड करतो. पण फोड आहे मेदु + एद्. 'मेदु' म्हणजे मध, 'एद्' म्हणजे खाणे. शाळेत मनु + अंतर = मन्वंतर शिकलो ना, तसाच इथेही पुढे स्वर आल्यामुळे 'उ'चा 'व' झाला. म्हणजे हा 'व' मधाचाच! संस्कृतात हुबेहूब जोडी आहे: मधु + अद् = मध्वद्. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या 164व्या सूक्तात झाडावरच्या पक्ष्यांना 'मध्वदः' म्हटलंय. हाच 'अद्' आपल्या 'अन्न' शब्दात आहे. मला ही जोडी पहिल्यांदा कळली तेव्हा मी कागदावर दोन्ही फोडी एकाखाली एक लिहून कितीतरी वेळ बघत बसलो होतो.

मग अस्वलाचं मूळ नाव कुठे गेलं? संस्कृत ऋक्ष, ग्रीक आर्क्तोस, लॅटिन उर्सुस ही एकाच घरातली भावंडं. मराठीतला जुना 'रीस' शब्दही ऋक्षाचाच. स्लाव्ह भाषांत ते नाव उरलं नाही. नाव घेतलं की जनावर समोर येतं या भीतीने ते टाळलं गेलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात, आणि मला ते पटतं. माझी आजी दिवेलागणीनंतर 'साप' म्हणू द्यायची नाही, 'लांबडं' म्हणायला लावायची.

तुम्हाला 'वेद' ऐकू आला यात नवल नाही. 'जाणणे' या अर्थाचा 'वेद्' धातू स्लाव्ह भाषांतही आहे, आणि तिथल्या लोकांनाही या नावात तोच ऐकू येत आलाय. युक्रेनियनमध्ये तर शब्दाचे दोन तुकडे उलटे होऊन अस्वलाला 'वेदमीद' म्हणतात. मधाचा 'व' तिथे मधाला सोडून पुढे जाऊन बसलाय.