हुमले जाळू नका, ताई

प्रश्न : आमची काजूची सत्तरेक कलमं आहेत. यंदा पाच-सहा झाडांवर हुमल्यांनी, म्हणजे पानं विणून राहणाऱ्या तांबड्या मुंग्यांनी, घरटी केलीत. चावतात म्हणून बिया वेचणाऱ्या बायका त्या झाडांखाली जायला तयार नाहीत. शेजारी म्हणतात, चूड पेटवून घरटी जाळून टाका. जाळू का? – एक वाचक, कुडाळ तालुका

उत्तर : ताई, आधी चूड विझवा, मग पुढचं वाचा. तुमच्या सत्तर कलमांत राखणदार असलेली झाडं तेवढी हीच.

काजूला पालवी फुटली, मोहोर आला की ढेकण्या नावाचा किडा येतो. कोवळ्या शेंड्यात, मोहोराच्या देठात, हिरव्या बीत सोंड खुपसून रस शोषतो आणि शोषता शोषता विषारी लाळ आत सोडतो. तिथे काळा डाग पडतो, शेंडा करपतो, मोहोर विस्तवाची धग लागल्यासारखा दिसतो. ज्या झाडावर हुमल्यांची भरपूर वस्ती असते, तिथे मात्र त्याला बूड टेकता येत नाही. मोहोराच्या काडीकाडीवर त्यांची ये-जा चालू असते आणि हललेलं काहीही दिसलं की ते तुटून पडतात.

एकदा सकाळी त्या झाडाखाली हातभर अंतर ठेवून उभ्या राहा. मी माझ्या परसातल्या कलमाखाली तासन्‌तास उभी राहिले आहे. दोन पानं जवळ आणायची तर एक रांग पानाची कड जबड्यात धरून ओढते. पान लांब असेल तर एकीची कंबर दुसरीने धरायची, दुसरीची तिसरीने, अशी जिवंत साखळी होते. कडा जुळल्या की आतून एक कामकरी मुंगी अळी तोंडात धरून आणते आणि या कडेवरून त्या कडेवर फिरवते, हातमागावरच्या धोट्यासारखी. रेशीम निघतं ते त्या अळीच्या तोंडून. मोठ्या मुंगीला ते काढता येत नाही. आणि या अळ्या स्वतःभोवती कोष विणत नाहीत, उघड्याच वाढतात. त्यांच्या वाटचं रेशीम घराला गेलेलं असतं. हे मी पहिल्यांदा समजून घेतलं तेव्हा मला त्या दिवशी दुसरं काही सुचलं नाही.

तुमच्या पाच-सहा झाडांवरची घरटी बहुधा एकाच कुटुंबाची असतील. घरटी अनेक, राणी एकाच घरट्यात. शेजारच्या कलमांवर त्यांना न्यायचं तर झाडाला झाड सुंभाने जोडा, त्यावरून ते चालत जातील. दक्षिण चीनमधले बागायतदार शेकडो वर्षं संत्र्याच्या झाडांमध्ये बांबू टाकून हेच करत आले आहेत. वाटेत दोन वस्त्यांचे हुमले भांडताना दिसले तर मात्र तिथल्या टेकलेल्या फांद्या छाटा, नाहीतर एकमेकांना मारून दोन्हीकडची राखण जाते.

त्यांचा एक दोष सांगायलाच हवा. पिठ्या ढेकूण आणि खवले कीड या झाडाचा रस शोषणाऱ्या किडी गोड चिकटा सोडतात, त्यासाठी हुमले त्यांना पाळतात. काजूवर मी तेवढं सोसते. आंब्याचं गणित वेगळं, कारण तिथे तोडणीला झाडावर चढावं लागतं.

काजूला चढायची गरज नाही. बोंड पिकलं की बीसकट खाली पडतं. बायकांना त्रास होतो तो लोंबत्या फांद्यांमुळे. हंगाम संपला की त्या छाटून घ्या. वेचताना पूर्ण बाह्यांचा सदरा, हातापायाला चुलीतली राख. हुमल्याला नांगी नसते. तो जबड्याने चावतो आणि त्या जागी आम्ल फवारतो, म्हणून आग होते. साध्या पाण्याने धुवा, तोच हात डोळ्याला लावू नका. अंगभर गांधी उठल्या किंवा धाप लागली तर वेळ न घालवता डॉक्टरकडे न्या.

औषध मारायची वेळ आलीच तर ही झाडं वगळा. त्यांच्या खोडांना चुन्याची खूण करा आणि मार्चपासून त्यांच्या बिया वेगळ्या टोपलीत मोजा. बाकीच्या झाडांशी ताडून बघा आणि दोन्ही आकडे मला कळवा.