गाडीवाल्यांच्या शंका : आधी मीटर लावा, मग बॅटरी घ्या

प्रश्न : मामा, नमस्कार. माझी जुनी डिझेल गाडी आहे, भाजी घेऊन बेळगावहून चोर्ल्यामार्गे गोव्याला जाते. वर्षात दुसरी बॅटरी झाली, तरी सकाळी सेल्फ मारला की नुसतं टक्-टक्. रात्री हेडलाईट आणि वायपर लावले की डॅशवरचा बॅटरीचा लाल दिवा मंद पेटतो. आता घाटात ब्रेकही जड लागायला लागलाय. बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्ही बदला म्हणतात. काय करू?
– एक वाचक, जांबोटी (ता. खानापूर)

उत्तर : तिसऱ्या बॅटरीचे पैसे तूर्त खिशातच राहू द्या. आणि ब्रेकचं तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंत, मी तिथूनच सुरू करतो.

अल्टरनेटर म्हणजे बेल्टवर फिरून बॅटरी चार्ज करणारा भाग. बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत त्याच्या पाठीमागे, त्याच्याच शाफ्टवर, व्हॅक्यूम पंप बसवलेला असतो. ब्रेकच्या बूस्टरला, म्हणजे पेडल हलकं करणाऱ्या डब्याला, व्हॅक्यूम तोच देतो आणि त्याला इंजिनचं ऑइल लागतं. मधलं ऑइल सील गेलं की ते ऑइल अल्टरनेटरात उतरतं, आतल्या फिरत्या स्लिप रिंगवर बसतं, त्यांवर घासणारे कार्बन (ब्रश) चिकट होऊन अडकतात आणि चार्जिंग कमी पडतं. म्हणजे ब्रेक आणि बॅटरी, दोन्ही तक्रारींचं मूळ एकच असू शकतं. गाडी थंड असताना टॉर्च घेऊन अल्टरनेटरच्या मागच्या बाजूला बोट फिरवा. बोटाला काळं, ओलं ऑइल लागलं तर निम्मं निदान झालं.

आता ब्रेक तपासा. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरा आणि गाडी सुरू करा. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर व्हॅक्यूम पोचत नाही. मग पंप, त्याचा रबरी पाइप, त्यावरचा एकतर्फी व्हॉल्व्ह आणि बूस्टर, सगळं बघावं लागेल. हे होईपर्यंत चोर्ला घाट उतरायचा नाही. भाजी दुसऱ्याच्या गाडीतून पाठवा, एक खेप गेली तर गेली.

चार्जिंगसाठी मीटर (मल्टिमीटर) लागेल, तो डीसी व्होल्टवर ठेवा. रात्रभर उभ्या गाडीच्या भरलेल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसावेत, १२.२ म्हणजे निम्मी उतरली. गाडी सुरू केल्यावर १३.८ ते १४.५. मग हेडलाईट, वायपर, ब्लोअर सगळं लावून ॲक्सिलरेटर जरा धरा. १३.५ च्या खाली घसरत गेलं तर अल्टरनेटर भार पेलत नाही. उलट १५ च्या वर गेलं तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेलाय आणि तोच तुमच्या बॅटऱ्या उकळून खातोय.

मंद पेटणारा दिवा मात्र बहुतेक वेळा डायोडकडे, म्हणजे अल्टरनेटरात एसीचं डीसी करणाऱ्या भागाकडे, बोट दाखवतो. एखादा डायोड गेला तरी दिवसा गाडी निभावते, पावसात रात्री लाईट-वायपर लागले की भागत नाही. मीटर एसीवर ठेवून चालू गाडीच्या बॅटरीवर लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर डायोड प्लेट बदलायची. पण बाजारातले स्वस्त पिवळे मीटर एसीवर ठेवले की बंद गाडीच्या बॅटरीवरसुद्धा पंचवीस-अठ्ठावीस दाखवतात, पिना उलट्या केल्या की शून्य. असला मीटर या कामाचा नाही. त्यापेक्षा सोपी खूण सांगतो : सकाळी गाडी सुरू करायच्या आधी अल्टरनेटरला हात लावा. रात्रभर उभ्या गाडीचा अल्टरनेटर कोमट लागला, तर डायोड शॉर्ट होऊन बॅटरी तिथेच रिकामी होतेय.

खानापूरकडच्या पावसात आणि तांबड्या चिखलात अल्टरनेटर ठणठणीत असूनही वायर दगा देते. गाडी चालू, लाईट लावलेले, मीटर परत डीसीवर, त्याची एक पिन अल्टरनेटरच्या जाड बोल्टवर आणि दुसरी बॅटरीच्या प्लसवर. ०.३ पेक्षा जास्त आलं तर मधली वायर किंवा तिच्या टोकाची थिंबल हिरवी पडलीय. तसंच अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचा मायनस : तिथे ०.२ च्या वर असेल तर अर्थिंग घासून घट्ट करा. त्या जाड बोल्टला पाना लावायच्या आधी गाडी बंद करून बॅटरीचा मायनस काढायला विसरू नका, नाहीतर ठिणगीने पान्याचा वितळलेला तुकडा हातावर येईल.

चालू गाडीची बॅटरी काढून ‘बघा, चालते की’ असं दाखवणारे अजून भेटतात. मेकॅनिकल पंपाची डिझेल गाडी चार्जिंगशिवायही चालत राहते, त्यातून काहीच सिद्ध होत नाही. उलट त्या क्षणी व्होल्टेज उसळी मारतं, त्यात रेग्युलेटर जातो. नव्या गाडीत ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) गेला तर खर्च विचारू नका.

अल्टरनेटर उघडलाच तर कार्बन, डायोड प्लेट आणि दोन्ही बेअरिंग एकदमच बदलून घ्या, जुने भाग परत मागा. वाइंडिंग जळलेलं नसेल तर रिवाइंडिंगच्या भरीला पडू नका. गाडीवर चढवण्याआधी बेंचवर, लोड देऊन, तुमच्या डोळ्यांसमोर तपासायला सांगा. पंपाचं सील न बदलता नुसता अल्टरनेटर दुरुस्त केलात, तर पुढच्या पावसाळ्यात हेच पत्र परत लिहाल.

प्रश्न : माझ्या नव्या बीएस-६ पेट्रोल गाडीत मीटर लावलाय. हायवेवर १२.७ दाखवतो, तवंदी घाट उतरताना १४.८. अल्टरनेटर खराब आहे का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : नाही. अनेक नव्या गाड्यांत चार्जिंग किती करायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. बॅटरी भरलेली असली की इंजिनवरचा भार कमी करतो, उतारावर पाय उचललात की फुकटची ताकद चार्जिंगला वापरतो. हेडलाईट लावून बघा, बहुतेक गाड्यांत आकडा लगेच वर येतो. लाल दिवा लागत नसेल आणि सकाळी सेल्फ दणक्यात घेत असेल तर मीटरकडे बघणं कमी करा.

प्रश्न : पावसाळ्यात सकाळी गाडी सुरू केली की चीं-चीं आवाज येतो, दोन मिनिटांत जातो. बेल्टला साबण लावला तर चालेल का?
– एक वाचक, अनगोळ, बेळगाव

उत्तर : साबण नको, पावडर नको, ग्रीस तर अजिबात नको. सेल्फ मारल्यावर बॅटरी भरायला अल्टरनेटर जोर लावतो, आणि ओला किंवा गुळगुळीत झालेला बेल्ट तेव्हा घसरतो. बेल्ट उलटा करून बघा. आतल्या बाजूला चकाकी किंवा आडव्या चिरा असतील तर नवा टाका, ॲटो-टेन्शनर (बेल्ट आपोआप ताणून धरणारा भाग) असेल तर तोही हलवून बघा. नवा बेल्ट टाकणाऱ्याला एवढंच सांगा की आवाज बंद व्हावा म्हणून तो तारेसारखा ताणू नको, नाहीतर महिन्याभरात बेअरिंग घरघरायला लागेल.