वडीलधाऱ्यांच्या आठवणींवरून आपल्या परिसराचा इतिहास लिहिता येतो का? ते वर्षं चुकीची सांगतात.

येतो. आणि चुकलेल्या वर्षांना घाबरू नका. ‘आठवण म्हणजे पुरावा नव्हे’ असं कागदपत्रंवाले ठणकावून सांगतात, ते मला अजिबात मान्य नाही.

इटलीतल्या तेर्नी या पोलाद कारखान्याच्या गावात १७ मार्च १९४९ रोजी, नाटोत सामील होण्याविरुद्धच्या निदर्शनात लुइजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार पोलिसांशी झालेल्या झटापटीत मारला गेला. पुढे मौखिक इतिहासाचे अभ्यासक आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी तिथल्या लोकांच्या मुलाखती घेतल्या, तर कित्येकांनी तो १९५३ साली, मोठ्या कामगारकपातीच्या वेळच्या दंगलीत गेला असं सांगितलं. खरी तारीख कागदावर होतीच. पण गावाच्या जिवाला लागलं होतं ते नोकऱ्या जाणं, आणि तो मृत्यू लोकांनी नेऊन ठेवला तो तिथेच. हे कुठल्या दप्तरात सापडलं असतं? तारीख दप्तरातून घ्या, पण चूक पुसू नका, दोन्ही शेजारी-शेजारी लिहा.

साल विचारूच नका. ‘तुमच्या लग्नाआधी की नंतर? थोरली तेव्हा शाळेत जायची का?’ असं विचारा आणि साल दाखल्यांवरून तुम्ही काढा. ‘इथे विहीर होती ना?’ हा प्रश्न वाया गेलेला. ‘इथे काय होतं?’ एवढंच विचारून गप्प बसा. लॉफ्टस आणि पामर या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली दाखवून दिलं की अपघाताची तीच चित्रफीत बघितलेल्या लोकांना विचारताना फक्त क्रियापद बदललं, तरी गाड्यांच्या वेगाचा त्यांचा अंदाज बदलतो.

घरात बसून शंभरदा सांगितलेले किस्सेच मिळतात. आधी त्यांच्याकडून आठवणीतला नकाशा कागदावर काढून घ्या, तुमचा नकाशा दाखवू नका. मग तोच कागद हातात घेऊन सोबत तासभर चाला. रस्त्यापेक्षा खाली गेलेला उंबरठा दिसला की थांबा. बहुतेक वेळा थरावर थर चढून रस्ता वर आलेला असतो. विनाकारण वळणाऱ्या गल्लीखाली जुना ओढा किंवा बांध निघू शकतो. गटाराच्या लोखंडी झाकणावर ओतकाम करणाऱ्याचं नाव, कधी सालही असतं. विटेवरचा शिक्काही बघा, पण त्यावरून इमारतीचं वय ठरवू नका. पाडलेल्या घराच्या विटा दुसरीकडे सर्रास वापरतात.

ध्वनिमुद्रण करताना फोन विमान मोडवर, पंखा बंद, माईक तोंडापासून वीतभर. सेटिंगमध्ये डब्ल्यूएव्ही फाइल (आवाज न दाबता साठवणारी), ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. एका चॅनेलला, म्हणजे एका माईकच्या आवाजाला, तासाला साधारण अर्धा जीबी लागतो. सुरुवातीलाच नाव, तारीख, जागा बोलून घ्या आणि त्याच दिवशी दुसरीकडे प्रत ठेवा. शब्दन् शब्द उतरवायला लगेच बसू नका, तासाच्या बोलण्याला पाच-सहा तास सहज जातात. आधी कुठल्या मिनिटाला काय आलं याची सूची करा. शब्दांकनावरच दमून बरीच कामं अर्धवट पडतात.

एक राहिलं. हे सगळं डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टींना लागू. आजोबांकडून ऐकलेलं असेल तर ‘ऐकीव’ अशी खूण करा आणि वेगळ्या स्रोताशी ताडल्याशिवाय इतिहास म्हणून छापू नका. चारजण तेच सांगत असले तरी चौघांनी ते एकाच माणसाकडून ऐकलेलं असू शकतं. परवानगी लेखी घ्या, कशासाठी वापरणार तेही त्यात लिहा. जमिनीचे आणि भाऊबंदकीचे वाद निघाले आणि समोरच्याने ‘हे बंद कर’ म्हटलं, तर तिथल्या तिथे बंद करा.