वाचकांचे प्रश्न: पीथमपूरची राख आणि नदीकाठचा विरोध

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही इंदूरचे, आजोबांपासून इथेच आहोत. २०२५ मधे भोपाळच्या युनियन कार्बाईडचा कचरा आमच्या जवळच्या पीथमपूरला आणून जाळला तेव्हा इकडे खूप आंदोलन झालं. माझा नागपूरचा मावसभाऊ म्हणतो, आम्ही २०११ लाच तो कचरा येऊ दिला नाही, तुम्ही कमी पडलात. ऑफिसमधले म्हणतात कुठेतरी जाळावाच लागणार होता ना, लोक उगाच घाबरवतात. कोणाचं खरं मानू? आणि आता सगळं जळून गेलं म्हणजे पाण्याचा धोका टळला का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर: दादा, पाण्याचं आधी सांगते. नाही, टळला असं समजू नका. ३३७ टन कचरा होता, त्यात कारखान्याच्या आवारातली माती, रिअॅक्टरमधला गाळ, सेविन कीटकनाशकाचे अवशेष असं सगळं. भट्टी नीट तापली, म्हणजे दुसऱ्या चेंबरमधे ११०० डिग्रीच्या आसपास आणि धूर तिथे दोन सेकंद तरी थांबला, तर कीटकनाशक बऱ्यापैकी नष्ट होतं हे खरंय, पण पारा, शिसं यासारखे धातू काही जळत नाहीत, ते धुरातून तरी जातात नाहीतर राखेत तरी उरतात. त्यात आम्लाचे वायू अडवायला चुना वगैरे टाकावा लागतो, म्हणून ३३७ टन जाळून मागे आठशे टनांच्या वर राख आणि अवशेष राहिले. मूळ कचऱ्याच्या दुपटीहून जास्त! ही राख कायमची पुरायची असते, खाली मातीचे आणि जाड प्लास्टिकचे थर देऊन, आणि त्या थरातून पावसाचं पाणी झिरपलं तर ते थेट भूजलात जातं. तारापुरा गाव त्या प्लांटला अगदी लागून आहे, आणि तुमच्या शहराला पाणी देणारा यशवंत सागर तलाव त्याच भागातून येणाऱ्या गंभीर नदीवर आहे, त्यामुळे पीथमपूरच्या लोकांनी पाण्याचा विषय काढला तर त्यात घाबरवण्यासारखं काय आहे सांगा. राख कुठे पुरायची यावरून नंतर प्रकरण परत कोर्टात गेलंच ना.

आता मावसभाऊ. नागपूरजवळच्या डीआरडीओच्या (संरक्षण खात्याची संशोधन संस्था) भट्टीत हा कचरा जाळायचं जबलपूर हायकोर्टाने २०११ मधे ठरवलं होतं आणि महाराष्ट्र सरकार, विदर्भातल्या संस्था सगळे विरोधात उभे राहिले, ते योग्यच होतं. त्याआधी गुजरातमधे अंकलेश्वरला न्यायचं ठरलेलं, तिथूनही नकार आला. २०१२ मधे जर्मनीला न्यायची बोलणी झाली, तीही फिसकटली. पण ह्या सगळ्या काळात कचरा होता कुठे? भोपाळलाच, कारखान्याच्या शेडमधे, आणि भोवतीच्या वस्त्यांमधली माणसं हापशाचं दूषित पाणी वर्षानुवर्षं पीत होती. तेव्हा कोण जिंकलं कोण कमी पडलं हा हिशोबच मला मान्य नाही. आणि पीथमपूर कमी पडलं असं तर अजिबात नाही. १ जानेवारी २०२५ च्या रात्री १२ कंटेनर निघाले, ३ तारखेला शहर बंद होतं, दोघांनी स्वतःला पेटवून घ्यायचा प्रयत्न केला, भाजले. त्या रेट्यामुळेच सरकारला कोर्टाकडे वेळ मागावा लागला आणि थेट सगळं न जाळता आधी दहा-दहा टनांच्या तीन चाचण्या झाल्या. विरोध नसता तर एवढंही झालं नसतं असं माझं स्पष्ट मत आहे.

ऑफिसमधल्यांना एकच विचारा, कुठेतरी म्हणजे भारतातच का? कोडाईकनालच्या थर्मामीटर कारखान्याचा पाऱ्याचा कचरा २००३ मधे जहाजाने अमेरिकेला परत गेला होता, सुमारे २९० टन. भोपाळच्या गॅसपीडितांच्या संघटना तेच मागत होत्या, की ज्या कंपनीने केलं तिने न्यावं. झालं काय, तर १२६ कोटी सरकारी तिजोरीतून गेले, म्हणजे तुमच्या माझ्या खिशातून. आणि हे ३३७ टन तर फक्त गोळा करून ठेवलेले होते हो, जमिनीत मुरलेलं वेगळंच, नीरी आणि एनजीआरआय या सरकारी संशोधन संस्थांच्या २०१० च्या अभ्यासात दूषित मातीचा आकडा ११ लाख टनांच्या घरात आहे. ती माती अजून भोपाळलाच आहे.

तुम्ही आता एक करा, तारापुऱ्याच्या विहिरी-बोअरचं पाणी स्वतंत्र लॅबकडून नियमित तपासून आकडे जाहीर करा ही मागणी लावून धरा, माहिती अधिकारात जुने रिपोर्ट मागवा. आज पाणी कसं आहे याचा कागद हातात नसेल तर दहा वर्षांनी ते बिघडलं हे सिद्ध कसं करणार?

प्रश्न: आमच्या तालुक्यात नदीजवळ घातक कचऱ्याचा प्लांट येतोय, जनसुनावणी लागलीये. गावात बरेच जण म्हणतात बहिष्कार टाकायचा. टाकावा का?
— एक वाचक, रायगड

उत्तर: नका टाकू प्लीज. जनसुनावणीला कोरम, म्हणजे किमान हजेरीची अट नसते, तुम्ही गेला नाहीत तरी ती झाली असंच धरलं जातं आणि रिपोर्ट पुढे जातो. २००६ च्या ईआयए (पर्यावरणावरच्या परिणामांची तपासणी) अधिसूचनेप्रमाणे किमान ३० दिवस आधी पेपरात नोटीस हवी, अहवालाचा सारांश मराठीत मिळायला हवा, कलेक्टर किंवा अपर जिल्हादंडाधिकाऱ्यापेक्षा खालचा अधिकारी अध्यक्ष चालत नाही, सगळ्याचं व्हिडिओ शूटिंग होतं, आणि शेवटी इतिवृत्त तिथेच मराठीत वाचून दाखवावं लागतं. ते वाचल्याशिवाय मंडपातून उठू नका, तुमचा मुद्दा गाळला असेल तर तिथल्या तिथे उभं राहून सांगा. लेखी हरकती आधीच प्रदूषण मंडळाकडे द्या आणि पोच घ्या, पोच फार महत्त्वाची.

नदीबद्दल एक नेमकं विचारा. जलसंपदा खात्याच्या नकाशावर निळी आणि लाल पूररेषा असते, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येईल अशा पुराची. घातक कचऱ्याचं लँडफिल, म्हणजे तो पुरायची जागा, त्या शंभर वर्षांच्या पूरक्षेत्रात नको, हा केंद्रीय प्रदूषण मंडळाचाच निकष आहे. तो नकाशा मागवा, गट नंबर त्यावर टाकून बघा, आणि २००५ च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं ते गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून लिहून घ्या सह्यांसकट. एवढं करूनही मंजुरी मिळालीच तर ३० दिवसांत पुण्याच्या हरित लवादाकडे अपील करता येतं, सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवसांपर्यंत, त्यामुळे वकील आत्ताच बघून ठेवा.