फ्लेक्सपॉड, न्यूटॅनिक्स की एक्झाडेटा? डेटा सेंटरमध्ये पाय ठेवताना

पत्र : मॅडम, मी भांडुपला राहतो. मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी. आयटी केलं आणि आता साकीनाक्याच्या एका सिस्टिम इंटिग्रेटर कंपनीत डेस्कटॉप सपोर्टला आहे. कंपनी मला डेटा सेंटर टीममध्ये घेतेय. तिथे सर्व्हर आणि स्टोरेज एकत्र जुळवून देणाऱ्या फ्लेक्सपॉड, न्यूटॅनिक्स आणि ओरॅकल एक्झाडेटा या सिस्टिमच्या तीन टीम आहेत. मॅनेजर म्हणाले, "तिन्हींची तुलना दोन पानांत लिहून आण आणि कुठे जायचं तेही सांग." मी ब्रोशर वाचली. प्रत्येकात तीच सिस्टिम सगळ्यात वेगवान, सोपी आणि स्वस्त आहे. बाबा सहकारी बँकेत आहेत. ते म्हणतात, सगळं क्लाउडवर चाललंय, मशिनं शिकून काय करणार? तुलना कशाच्या आधारे करू आणि कोणती टीम घेऊ?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : फ्लेक्सपॉडची टीम घे. का, ते सांगते. बाबांचा मुद्दाही टाळणार नाही, कारण तो अर्धा बरोबर आहे.

आधी तुलनेचं बोलू. ब्रोशर मशिनपासून सुरू होतं, तू ग्राहकाच्या कामापासून सुरू कर. समज, तुमचा ग्राहक एक मध्यम बँक आहे. कोअर बँकिंग ओरॅकल डेटाबेसवर चालतं. शिवाय ईमेल, एचआर, फाइल सर्व्हर, शाखांची छोटीमोठी अ‍ॅप्लिकेशन्स अशी शे-दीडशे व्हर्च्युअल मशिन्स (व्हीएम, म्हणजे एका सर्व्हरवर चालणारे आभासी सर्व्हर) आहेत. या बँकेला काय द्यावं, हा प्रश्न पानाच्या वर लिही. प्रश्न असा नेमका मांडला की तिन्ही सिस्टिम एकमेकींपासून आपोआप वेगळ्या दिसायला लागतात.

ही मशिनं आली कशी, तेही दोन ओळींत लिही. पूर्वी सर्व्हर एका कंपनीचा, स्टोरेज दुसरीचं, स्विच तिसरीचा. महिनाअखेरीला सिस्टिम रांगायला लागली की तिघांचे इंजिनिअर एकमेकांकडे बोट दाखवायचे आणि बँकेचा आयटी मॅनेजर मध्ये अडकायचा. २००९ मध्ये सिस्को (सर्व्हर, स्विच), ईएमसी (स्टोरेज) आणि व्हीएमवेअर (व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) एकत्र आले आणि व्हीब्लॉक आला. सगळं कारखान्यातच जोडून, तपासून, एका रॅकमध्ये. पुढच्याच वर्षी, २०१० मध्ये, सिस्को आणि नेटअ‍ॅपने फ्लेक्सपॉड आणला. त्यात सिस्कोचे यूसीएस सर्व्हर, नेक्सस स्विच आणि नेटअ‍ॅपचं स्टोरेज असतं, पण एक मोठा फरक आहे. फ्लेक्सपॉड म्हणजे तयार कपाट नव्हे, तपासून सिद्ध केलेलं डिझाइन. कोणता स्विच, कोणतं फर्मवेअर (मशिनच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर), कोणती केबल कोणत्या पोर्टला, हे दोन्ही कंपन्या लिहून देतात. जोडणी करतो पार्टनर, म्हणजे तुझ्या कंपनीसारखी कंपनी. हे काम तुझ्या हातून होणार आहे, आणि मी या टीमकडे झुकते त्याचं पहिलं कारण तेच.

यूसीएसमधली एक गोष्ट जवळून बघ. सर्व्हरची ओळख, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस, स्टोरेजसाठीचा पत्ता म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएन, बायोसची सेटिंग्ज, बूटचा क्रम, हे सगळं सर्व्हिस प्रोफाइल नावाच्या नोंदीत असतं. ती नोंद फॅब्रिक इंटरकनेक्ट या स्विचांच्या जोडीत राहते, ब्लेडमध्ये (सरकवून बसवायच्या सर्व्हरमध्ये) नाही. ब्लेड मेला तर दुसरा सरकवायचा, तेच प्रोफाइल जोडायचं. ऑपरेटिंग सिस्टिम स्टोरेजवरून बूट होत असेल, तर नवा ब्लेड जुन्याच नावाने, जुन्याच ओळखीने उभा राहतो. नेटवर्क टीमला, स्टोरेज टीमला काहीच बदलावं लागत नाही. हे एकदा समोर होताना पाहिलंस की सर्व्हर, नेटवर्क आणि स्टोरेज नेमके कुठे एकमेकांत अडकतात ते कळतं. पुस्तकातून हे कळायला फार वेळ लागतो.

न्यूटॅनिक्सचा विचार वेगळा आहे, त्याला हायपरकन्व्हर्ज्ड म्हणतात. वेगळं स्टोरेज कपाटच नाही. प्रत्येक नोडमध्ये (एकेका सर्व्हरमध्ये) डिस्क आहेत, प्रत्येक नोडवर स्टोरेज सांभाळणारं कंट्रोलर व्हीएम चालतं आणि ती सगळी मिळून एक सामाईक स्टोरेज तयार करतात. नेहमीचा क्लस्टर (नोडचा गट) तीन नोडपासून सुरू होतो. क्षमता हवी, नोड वाढव. उभारणी झटपट होते आणि एका स्क्रीनवरून सगळं दिसतं. बँकेच्या त्या शे-दीडशे छोट्या व्हीएमसाठी हे उत्तम आहे, असं मी निःसंकोच म्हणेन.

पण इथे एक हिशेब तुझ्या कागदावर यायलाच हवा. समज चार नोड, प्रत्येकात २० टीबी. कोटेशनवर ८० टीबी दिसतील. एक नोड बंद पडला तरी काम चालायला हवं, म्हणून एका नोडची जागा मोकळी ठेव. राहिले ६०. प्रत्येक डेटाच्या दोन प्रती ठेवायच्या, म्हणून ३०. कॉम्प्रेशनने काही परत मिळेल, किती ते डेटावर अवलंबून. कंट्रोलर व्हीएम प्रत्येक नोडची थोडी रॅम आणि सीपीयूचे काही कोअर (गणना करणारे भाग) खातं, तेही धर. नेटअ‍ॅपमध्ये रेड-डीपी ही डिस्क बिघडली तरी डेटा वाचवणारी पद्धत असते. एका रेड ग्रुपमध्ये दोन डिस्क पॅरिटीला (बिघडलेल्या डिस्कचा डेटा परत मिळवण्याच्या नोंदीला) जातात, एखादी स्पेअर, बाकी जागा कामाला येते. मात्र तिथला कंट्रोलर आणि डिस्क महाग पडतात. म्हणून तुलना कच्च्या टीबीवर करू नकोस. वापरता येणाऱ्या एका टीबीला किती रुपये, हे विचार.

याच्याच पोटात दुसरी अडचण आहे, ती नवशिक्यांच्या लक्षात येत नाही. बँकेला फक्त जागा कमी पडली आणि तू नोड वाढवलास, तर त्या नोडबरोबर सीपीयूचे कोअरही आले. आज बरंचसं सॉफ्टवेअर कोअरवर विकलं जातं. व्हीएमवेअर तर एका सीपीयूला किमान १६ कोअरचं लायसन्स धरतं. न्यूटॅनिक्सचा स्वतःचा एएचव्ही हायपरव्हायझर (व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) वेगळे पैसे मागत नाही, पण न्यूटॅनिक्सचं सॉफ्टवेअरही कोअरवरच. त्याच क्लस्टरवर ओरॅकल डेटाबेस ठेवला असेल तर त्याचंही लायसन्स कोअरवर. हवी होती डिस्क, वाढलं लायसन्सचं बिल. फ्लेक्सपॉडमध्ये डिस्क शेल्फ वेगळा वाढतो, सर्व्हर वेगळा. म्हणून ग्राहकाचा डेटा आणि गणनक्षमता एकाच वेगाने वाढतात का, हा प्रश्न ठळक लिही. बँकांमध्ये बहुतेक वेळा डेटा पुढे पळतो.

एक्झाडेटावर थोडक्यात लिहिलंस तरी चालेल. ते फक्त ओरॅकल डेटाबेससाठी बांधलेलं मशिन आहे. २००८ मध्ये एचपीच्या हार्डवेअरवर आलं, पुढच्या वर्षी सन कंपनीच्या हार्डवेअरवर गेलं, आणि नंतर ओरॅकलने सनच विकत घेतली. त्याची खरी ताकद अशी : अवाढव्य टेबलातून थोड्याच ओळी हव्या असतील, तर नेहमीच्या मांडणीत सगळा ढीग डेटाबेस सर्व्हरकडे येतो आणि तिथे चाळला जातो. एक्झाडेटात स्टोरेज सर्व्हर स्वतःच चाळून हवं तेवढंच पुढे पाठवतो. कोअर बँकिंगच्या मोठ्या रिपोर्टना याचा फायदा स्पष्ट दिसतो, बाकीच्या व्हीएमसाठी ते घेण्यात अर्थ नाही. तुझ्या बाबतीत सांगायचं तर ती टीम मुळात डेटाबेसवाल्यांची. एसक्यूएलमध्ये (डेटाबेसच्या भाषेत) तुझा जीव रमत असेल तरच तिकडे जा. पत्रात तसं कुठे दिसलं नाही.

आता असा मुद्दा, ज्याने तुझी पानं इतरांपेक्षा वेगळी ठरतील : अपग्रेडची रात्र. फ्लेक्सपॉडमध्ये सर्व्हरचं फर्मवेअर, स्विचचं सॉफ्टवेअर, नेटअ‍ॅपचं स्टोरेज-सॉफ्टवेअर ऑनटॅप आणि हायपरव्हायझर या चौघांच्या आवृत्त्या एकमेकांना चालतात का, हे सिस्को आणि नेटअ‍ॅपच्या कंपॅटिबिलिटी यादीत तपासूनच हात लावायचा. एक चुकली की मल्टिपाथचा, म्हणजे सर्व्हर ते स्टोरेज या दुहेरी जोडणीचा, एखादा रस्ता गायब होतो आणि त्या वेळी कुणाच्या लक्षातही येत नाही. दुसरा रस्ता पडल्यावर कळतं. न्यूटॅनिक्समध्ये सॉफ्टवेअर एकेक नोड रिकामा करतं, अपग्रेड करतं, पुढच्याकडे जातं. इंजिनिअरची झोप वाचते, पण आत काय चाललंय हेही झाकलेलं राहतं. ग्राहकासाठी ती सोय आहे. शिकणाऱ्यासाठी मात्र ती अडचण आहे, असं माझं ठाम मत आहे. जे थर तू कधी वेगळे पाहिलेच नाहीस, ते बिघडल्यावर शोधणार कुठे? म्हणून आधी फ्लेक्सपॉड, दोनेक वर्षांनी न्यूटॅनिक्स. उलट क्रमाने गेलेल्यांना झोनिंग (कोणत्या सर्व्हरला कोणतं स्टोरेज दिसावं) आणि लन (स्टोरेजचा सर्व्हरला दिलेला तुकडा) पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागतं.

शेवटचा रकाना ठेव 'बाहेर पडायची वाट' असा. कारण या धंद्यात मालक बदलतात. व्हीब्लॉकवाली ईएमसी २०१६ मध्ये डेलकडे गेली. सिस्कोने स्वतःचं हायपरकन्व्हर्ज्ड हायपरफ्लेक्स २०२३ मध्ये गुंडाळायला घेतलं आणि त्याच वर्षी न्यूटॅनिक्सशी हातमिळवणी केली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतलं, कायमची लायसन्स विकणं बंद करून वर्गणी आणली, आणि असंख्य आयटी विभागांना बजेट नव्याने मांडावं लागलं. पाच वर्षांनी हायपरव्हायझर बदलायचा ठरला तर हार्डवेअर तेच राहील का, डेटा किती दिवसांत हलेल, हे प्रत्येक सिस्टिमपुढे लिही. तुझ्या करिअरलाही हेच लागू आहे. हायपरफ्लेक्सचे मेनू पाठ केलेल्या मुलाला आज नवं शिकावं लागतंय; आयओपीएस (सेकंदाला होणारं वाचन-लेखन), लेटन्सी (उत्तराला लागणारा वेळ), व्हीलॅन (एकाच नेटवर्कचे वेगळे भाग), झोनिंग, रेप्लिकेशन (डेटाची दुसरीकडे ठेवलेली प्रत) समजलेला मुलगा मात्र कुठल्याही ब्रँडपुढे बसू शकतो.

बाबांचं म्हणणं. सहकारी बँकेत बसून त्यांना जे दिसतंय ते खरं आहे. अनेक लहान बँकांचं कोअर बँकिंग आता सेवा देणाऱ्या कंपनीच्या डेटा सेंटरमधून चालतं, बँकेच्या इमारतीत सर्व्हर रूम उरलेली नाही. पण तो सर्व्हर नाहीसा झाला नाही, ऐरोलीला, महापेला किंवा चांदिवलीला गेला. देशातलं सगळ्यात मोठं डेटा सेंटरचं जाळं मुंबई आणि नवी मुंबईत आहे. समुद्राखालच्या केबल वर्सोव्याला किनाऱ्याला लागतात, आणि बँका, विमा कंपन्या, शेअर बाजार सगळे इथेच. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये पेमेंटचा डेटा भारतातच ठेवायला सांगितलं. त्याने क्लाउडला बंदी झाली नाही. अ‍ॅमेझॉनचं मुंबई रीजन (इथली क्लाउड डेटा सेंटर्स) २०१६ पासून आहे. मोठ्या संस्था दोन्ही वापरतात आणि पुढेही वापरतील. तेव्हा नुसतं रॅकला मशिन लावणं आणि दिवे बघत बसणं, ही कामं कमी होतील, हे बाबांना मान्य कर. काय कुठे ठेवावं हे हिशेबाने सांगणाऱ्या माणसाची गरज मात्र क्लाउडमुळे वाढली आहे. तू लिहितो आहेस ती दोन पानं त्याच कामाची आहेत.

क्लासला लाखभर रुपये भरू नकोस, हे कळकळीने सांगते. नेटवर्किंगसाठी सिस्कोच्या सीसीएनएचा अभ्यासक्रम धर, लिनक्ससाठी रेड हॅटच्या आरएचसीएसएचा. आरएचसीएसएची परीक्षा प्रत्यक्ष मशिनवर करून दाखवायची असते, म्हणून तिला वजन आहे. सिस्कोचा यूसीएस एम्युलेटर (यूसीएसची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) आणि न्यूटॅनिक्सची कम्युनिटी एडिशन खातं उघडून मोफत मिळतात. लॅमिंग्टन रोडवरून एखादा जुना वर्कस्टेशन घे, निदान ३२ जीबी रॅमचा, आणि एसएसडी टाक. एम्युलेटरवर सर्व्हिस प्रोफाइल स्वतः बनव, एका ब्लेडवरून काढून दुसऱ्याला लाव. प्रत्येक पायरीचा स्क्रीनशॉट घेऊन वहीत दोन ओळी लिही. मुलाखतीत ती वही पुढे ठेव.

आणि मॅनेजरांना पानं देताना चार गोष्टी स्पष्ट विचार. टीम उभारणी करते की फक्त मॉनिटरिंग? पहिल्या वर्षात मला एखाद्या इन्स्टॉलेशनला सीनिअरबरोबर नेणार का? बाँड आहे का, किती वर्षांचा, आणि सोडल्यास किती रक्कम? मूळ कागदपत्रं जमा करायला सांगितली तर नको म्हण, फोटोकॉपी दे. चौथं, रात्रीचा बदल असेल तेव्हा कंपनीची गाडी मिळते का? भांडुपहून ऐरोली पुलावरून जवळ आहे खरं, पण पहाटे तीनला काम संपल्यावर ना लोकल असते ना बस. हे आधीच लेखी ठरव, घरचेही निश्चिंत राहतील. पानं लिहून झाली की मॅनेजरांना देण्याआधी मला पाठव, मी वाचून देईन.