रुवैसला निघण्याआधी: दोन धातूंचा एक जॉइंट

तू लिहिलंस की गोव्यात कुंडईच्या वर्कशॉपमध्ये चार वर्षं टिग वेल्डिंग करतोयस, हातात कार्बन स्टीलवरचं ६जी (तिरक्या बांधलेल्या पाइपच्या टेस्टचं) सर्टिफिकेट आहे, आणि अबू धाबीतल्या रुवैसच्या शटडाउनसाठी (प्लांट बंद ठेवून होणाऱ्या दुरुस्तीसाठी) मुंबईत ट्रेड टेस्ट द्यायची आहे. टेस्टला कार्बन आणि स्टेनलेसचा डिसिमिलर जॉइंट असेल असं एजंट म्हणाला. तयारी कशी करू, आणि आत्ता जावं की थांबावं, हे तुझे दोन प्रश्न.

जा. पण आधी दोन महिने या एकाच जॉइंटला दे. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, बार्ज दुरुस्तीचं यार्ड ओस पडलं, तेव्हा मी घाईघाईने निघालो होतो. त्या घाईची किंमत मी मोजली आहे, म्हणून एवढं लिहितोय.

आधी सर्टिफिकेट नीट वाच. तिथे एएसएमई सेक्शन नाइन, म्हणजे वेल्डरची पात्रता ठरवणारी अमेरिकन नियमावली, चालते. त्यात वेल्डरच्या बाबतीत पाइपच्या धातूपेक्षा फिलरचा, म्हणजे जोडात भरायच्या वायरचा, एफ-नंबर (तिचा गट) जास्त बघितला जातो. तू वापरतोस ती ७०एस वायर आणि स्टेनलेसची ३०९एल, दोन्ही एफ-६. म्हणजे कागदावर तू ३०९एल मारू शकतोस. पण गरम लाइनींवर निकेलची वायर लागते, ईआरएनआयसीआर-३, जिला साइटवर सगळे इन्कोनेल ८२ म्हणतात. ती एफ-४३. तिची टेस्ट वेगळी, आणि ती पास झालेल्याला दर वेगळा मिळतो. हे एजंट सांगत नाही. शिवाय एखादी प्रक्रिया सहा महिने हाताखालून गेली नाही तर तिचं क्वालिफिकेशन संपतं. रोज कुठला जॉइंट मारला ते वहीत लिहून सुपरवायझरची सही घेत जा. नवी कंपनी तुझी टेस्ट पुन्हा घेणारच, तरीही ती वही बोलते.

आता ३०९एलच का, ३०८एल का नाही. पाइप ३०४चा, म्हणजे नेहमीच्या स्टेनलेसचा, असला तर हात आपोआप ३०८कडे जातो. पण पडलमध्ये, म्हणजे वितळलेल्या धातूच्या थारोळ्यात, कार्बन स्टीलही वितळून मिसळतं आणि क्रोमियम-निकेल पातळ होतं. ३०८ला ते सोसत नाही, आत कडक, ठिसूळ मार्टेन्साइट होऊ शकतं. ३०९एलमध्ये साधारण २४ टक्के क्रोमियम आणि १३ टक्के निकेल असतं, म्हणजे मिसळ झाली तरी पुरून उरतं.

माझ्या हातून नेमकं हेच झालं. टिगच्या कांडीवर ग्रेडचा शिक्का एका टोकाला असतो. मी सोयीसाठी कांडी मधोमध कापून घ्यायचो. एका रात्रपाळीत शिक्का नसलेला अर्धा भाग पाऊचमधल्या ३०८च्या तुकड्यांत मिसळला. सकाळी पीएमआयच्या, म्हणजे धातूचा ग्रेड ओळखणाऱ्या, गनने तपासणी झाली आणि आठ जॉइंट कापावे लागले. नोकरी राहिली, पण त्या आठ जागांसमोर मी ग्राइंडर घेऊन उभा होतो ते अजून डोळ्यांपुढे येतं. कांडी कापू नकोस. शिक्क्याचं टोक हातात ठेव आणि उरलेला तुकडा शिक्क्यासकट परत कर.

डिझाइन तापमान ३१५ अंशांच्या वर गेलं की ३०९ मागे पडतं. कारण प्रसरण. कार्बन स्टील दर अंशाला मीटरमागे साधारण १२ मायक्रॉन वाढतं, ३०४ सतरा-अठरा. लाइन तापते, निवते, आणि दर वेळी ताण त्या जोडावर येतो. त्यात कार्बन हळूहळू क्रोमियमच्या बाजूला सरकतो आणि स्टीलच्या बाजूला एक मऊ पट्टा उरतो. निकेलचं प्रसरण या दोघांच्या मधलं, आणि कार्बनला ते फारसं ओढत नाही. पण निकेलचा पडल चिकट असतो, पाण्यासारखा धावत नाही; स्टीलच्या सवयीने हात पुढे ओढलास तर कडेला फ्यूजन अपुरं राहतं. बेव्हल (पाइपच्या कडेचा उतार) जरा उघडा ठेव, तेल आणि मार्करचे डाग ॲसिटोनने पूस, आणि आर्क तोडताना क्रेटर, म्हणजे शेवटचा खड्डा, भरूनच सोड, नाहीतर तिथे तडा जातो.

पर्जिंगबद्दल, म्हणजे पाइपच्या आतली हवा आर्गॉनने हाकलण्याबद्दल, कळकळीने सांगतो. आपल्याकडे हवा बाहेर पडायच्या वेंटपाशी लायटर धरतात, ज्योत विझली की रूट, म्हणजे सगळ्यात आतला पहिला थर, चालू. ऑक्सिजन पंधरा-सोळा टक्क्यांवर आला तरी ज्योत विझते. स्टेनलेसच्या रूटला तो एका टक्क्याच्याही कितीतरी खाली हवा. नाहीतर आत करपलेल्या साखरेसारखा काळा दाणा धरतो. आर्गॉन हवेपेक्षा जड, म्हणून खालून सोड, वेंट वर ठेव, मीटर लाव, आणि दुसऱ्या-तिसऱ्या पासपर्यंत बंद करू नकोस. स्टेनलेसचा ब्रश आणि डिस्क वेगळी बांधून ठेव. कार्बनवर एकदा फिरलेली डिस्क स्टेनलेसवर गंज पेरते.

कागदपत्रांचं थोडक्यात: दहावी पास असशील तर पासपोर्टवर ईसीआर (परदेशी कामाला जाण्याआधी सरकारी मंजुरी हवी, असा शेरा) लागत नाही. एजंट सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का ते स्वतः बघ. त्याला ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. करारात मूळ पगार, ओव्हरटाइमचा दर आणि परतीचं तिकीट लिहिलेलं असल्याशिवाय सही करू नकोस.

गणेश चवथीला मी गोव्यात साखळीला घरी असेन. तोपर्यंत दोन इंची पाइपवर कार्बन-स्टेनलेसचे पाच-सहा कूपन (सरावाचे तुकडे) मार आणि घेऊन ये. कॅप, म्हणजे वरचा थर, मला बघायची नाही. मधोमध कापून आण, टॉर्च लावून आतला रूट बघू.