वाचक विचारतात : गच्चीवरचं ग्रिल, शेतातली आगटी

प्रश्न : थंडीत गच्चीवर कोळशाच्या ग्रिलवर चिकन-पनीर भाजतो. उन्हाळ्यात बांधलेली हिरवी जाळी अजून डोक्यावर आहे. वारा सुटला की ग्रिल जिन्याच्या खोलीत घेतो, पण दार उघडं ठेवतो. चालेल का? (जुळे सोलापूर)

जाळीचं नंतर बोलू, आधी ग्रिल जिन्याच्या खोलीत नेणं बंद करा. कोळसा पेटताना धूर होतो, तेव्हा माणूस आपणहून सावध असतो. निखाऱ्यांवर राख चढली, धूर थांबला, की आता काही नाही असं वाटतं. कार्बन मोनॉक्साइड मात्र तेव्हाही निघतच असतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं आणि दोष जातो जास्त खाण्याला. एका उघड्या दाराने तो पुरेसा बाहेर जात नाही, शिवाय जिना त्याला थेट घरात पोचवतो. वारा फार असेल तर त्या दिवशी तवा काढावा. उरलेले निखारे ऊब म्हणून झोपायच्या खोलीत नेणं तर त्याहून घातक.

आता जाळी. ती प्लॅस्टिकची असते, ठिणगीने वितळते आणि जळते थेंब खाली पडतात. गुंडाळून ठेवा. कपड्यांची दोरी, पाण्याची प्लॅस्टिकची टाकी, घराची भिंत यांपासून ग्रिल 10 फूट लांब असावं. बुटकी शेगडी थेट शहाबादी फरशीवर मांडू नका. तापलेली फरशी तडकते, कधी कपचाही उडतो. खाली विटांचे दोन थर द्या. शेजारी एक बादली पाणी आणि एक घमेलं वाळू हवी. वाळू चरबीच्या आगीसाठी. त्या आगीवर पाणी ओतलं तर जळतं तेल चौफेर उडतं.

प्रश्न : कोळसा पेटत नाही म्हणून थोडं रॉकेल वरून टाकलं तर? (अक्कलकोट रस्ता)

विझल्यासारख्या दिसणाऱ्या कोळशावर कधीच नको, आणि पेट्रोल तर मुळीच नको. गरम कोळशावर इंधनाची वाफ होते, ती पेट घेते आणि ज्वाला धारेवरून हातातल्या कॅनपर्यंत येते. खाली कागदाचे बोळे, वर नारळाच्या करवंट्या, त्यावर कोळसा अशी रचना करा. 20 ते 30 मिनिटं लागतात. वर करडी राख दिसली की भाजायला घ्या.

प्रश्न : चिकन बाहेरून काळं, आत कच्चं राहतं. (विजापूर रस्ता)

सगळे निखारे एका बाजूला ओढा. तिथे रंग आणा, मग तुकडे रिकाम्या बाजूला सरकवून झाकण लावा. जाड भागात, हाडाला न टेकवता थर्मामीटर खुपसा. 74 अंश सेल्सिअस हवेत. कच्च्या चिकनचं ताट आणि चिमटा भाजलेल्याला लावू नका. मसाला लावलेलं चिकन वेळ येईपर्यंत फ्रिजमध्येच ठेवा. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात ते तासाभरापेक्षा जास्त बाहेर नको.

प्रश्न : हुरड्याची आगटी संपल्यावर माती ओढून ठेवतो. पुरेसं आहे ना? (मंगळवेढा)

नाही. गोवरीचा विस्तव मातीखाली तासन्‌तास धगधगत राहतो, वरून जमीन मात्र साधी दिसते. अनवाणी पोरं नेमकी तिथेच पाय ठेवतात. पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता. वाफ आणि चरचर थांबेपर्यंत हेच करा, मग तळवा वर धरून ऊब लागत नाही ना ते बघा. आगटी कडब्याच्या गंजीपासून लांब घ्या आणि वारा गंजीकडे जात असेल तर जागाच बदला. ग्रिलच्या राखेलाही हाच न्याय. ती झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात दोन दिवस राहू द्या, मगच घंटागाडीत टाका.

प्रश्न : हात भाजला तर टूथपेस्ट लावावी की हळद? (होटगी रस्ता)

दोन्ही नको, बर्फही नको. अंगठी-बांगडी लगेच काढा आणि 20 मिनिटं साध्या पाण्याची धार सोडा. पाणी यायचा दिवस नसेल तर पिंपातलं तांब्याने ओतत राहा. फोड फोडू नका, स्वच्छ सुती कापड सैल झाका. तळव्यापेक्षा मोठी जखम, किंवा चेहरा, हात, सांधा भाजला असेल तर दवाखाना गाठा. गाडी नसेल तर 108.